जुन्या मोटारींच्या प्रज्वलन-यंत्रणेतील तारांची दुरुस्ती

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय १९९४ मध्ये सुरू झाले. रणगाड्यांच्या गर्दीत तेथे रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्टच्या चासीवर उभारलेली एक चिलखती मोटारही आहे. अशा वाहनांच्या जतनाची चर्चा बहुधा पोलाद व रंग यांपाशीच थांबते. वस्तुतः पोलादाच्या कितीतरी आधी जीर्ण होते ते तारांवरील आवरण. प्रस्तुत लेखात ठिणगी पुरविणाऱ्या तारांच्या दुरुस्तीचा विचार केला आहे.

सिल्व्हर घोस्टच्या सहा सिलिंडरांना प्रत्येकी दोन स्पार्क प्लग असत. एका संचास बॅटरी व कॉईलद्वारे, तर दुसऱ्यास मॅग्नेटोद्वारे ठिणगी मिळे. या दोन पद्धतींतील भेद दुरुस्ती करणाऱ्याने प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. कॉईल-पद्धतीत स्विचची तार तुटल्यास प्रवाह खंडित होतो व इंजिन सुरूच होत नाही. मॅग्नेटो मात्र स्वतःच वीज निर्माण करतो. त्याचा स्विच बंद करणे म्हणजे ती वीज तारेवाटे मोटारीच्या सांगाड्यात उतरविणे होय. ती तार तुटली असेल, तर स्विच बंद असूनही ठिणगी पडत राहते. अशा इंजिनाचे हँडल सहज म्हणून फिरविणाऱ्याचा हात मोडू शकतो. म्हणून ही बारीकशी, दुर्लक्षित तार सर्वांत आधी तपासावी. तसेच मॅग्नेटोस बॅटरी कधीही जोडू नये. त्यातील चुंबक क्षीण होण्याचा धोका असतो.

कॉईल-पद्धतीचा प्रसार अमेरिकेतील डेटन येथील 'डेल्को' कंपनीमुळे झाला. चार्ल्स केटरिंग यांची ही यंत्रणा १९१० नंतरच्या कॅडिलॅक मोटारींत आली. आपल्याकडील गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला आजही 'डेल्को' म्हणतात, ते याच कंपनीच्या नावावरून. येथे पॉइंट उघडताक्षणी कॉईलमध्ये हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो व तो जाड तारेने प्लगपर्यंत पोहोचतो.

त्या काळी तांब्यावर रबर व त्यावर सुती वीण असे. इंजिनाची उष्णता व तेल यांनी रबर कडक होऊन वळणांवर तडकते. पर्जन्यछायेतील या जिल्ह्याचा कोरडा उन्हाळा त्यात भर घालतो. वरची वीण शाबूत दिसल्याने दोष लपून राहतो. दमट सकाळी इंजिन अडखळू लागले, तर तारेतून वीज गळत असल्याचा संशय घ्यावा. अंधारात इंजिन चालविल्यास अशा तारेवर निळसर ठिणग्या दिसतात. मात्र पेट्रोलची गळती असताना हा प्रयोग करणे म्हणजे आगीस आमंत्रण होय.

तडकलेल्या तारेस चिकटपट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. उच्च दाबाची वीज सांध्यातून वाट काढतेच. तार संपूर्ण बदलावी, परंतु काढण्यापूर्वी प्रत्येकीस चिठ्ठी बांधावी व छायाचित्र घ्यावे. आत आधुनिक आवरण व बाहेर सुती वीण असलेली तार वापरल्यास सुरक्षितता व मूळ रूप दोन्ही राखता येतात. सहा व्होल्टच्या मोटारीत तितक्याच शक्तीसाठी बारा व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. तेथे बारीक तार घातल्यास ठिणगी दुबळी होते.

जी मोटार पुन्हा सुरू करावयाचीच नाही, तिची गोष्ट निराळी. तिच्यात मूळ तारा जागेवरच ठेवाव्यात आणि बॅटरी काढून घ्यावी. तारांची जाडी, वीण व जोडणी हा त्या काळच्या कारागिरीचा पुरावा असून, एकदा भंगारात गेल्यावर तो कोणत्याही आराखड्यातून परत मिळत नाही.