बॉनेट नीट का लागत नाही?

रोह्याहून कोलाडकडे जाताना एखादे वेळी पुढचे झाकण सुतळीने बांधलेली मोटार दिसते. इंजिनावरच्या या पत्र्याच्या झाकणाला बॉनेट म्हणतात. त्याचा खटका लागत नाही, म्हणून मालकाने सुतळीवर काम भागवलेले असते. गावातल्या गर्दीत हळू जाताना ते खपून जाते. पण कोलाडला मुंबई-गोवा महामार्ग लागतो आणि तेथे वेग वाढतो.

वेगात असताना समोरच्या जाळीतून आत शिरलेला वारा बॉनेटला खालून ढकलतो, तर वरून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. ताशी ४० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा जेवढा जोर असतो, तो ताशी ८० ला दुप्पट नव्हे, चौपट होतो. सुतळी तुटली की झाकण उलटून काचेवर आदळते आणि चालकाला समोरचे काहीच दिसत नाही.

म्हणूनच समोरून उघडणाऱ्या बॉनेटला दोन अडकवण्या असतात. चालकाच्या पायाजवळचा लिव्हर ओढला की तारेमुळे मुख्य खटका सुटतो व बॉनेट बोटभर वर येते. मात्र ते पूर्ण उघडत नाही. दुसरा आकडा त्याला धरून ठेवतो. फटीत बोटे घालून हा आकडा सरकवावा लागतो. अमेरिकेत अशी दुसरी अडकवण १९६९ पासून कायद्याने सक्तीची आहे. महिंद्राच्या जुन्या जीपची तऱ्हा निराळी! तिचे आकडे दोन्ही बाजूंना बाहेरच असतात. मला विचाराल तर ती सोय बरी, बिघाड लपून राहत नाही.

आपल्या रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. चाकांनी उडवलेला चिखल खटक्यावर बसतो, ग्रीस धुऊन जाते, स्प्रिंग गंजते. मग खटका अडून बसतो. पुष्कळ लोक अशा वेळी बॉनेट जोराने आपटतात. त्याने खटका तर लागत नाहीच, उलट पत्रा वाकतो.

तपासणी सोपी आहे, पण ती घरातल्या मोठ्या माणसाबरोबरच करा. इंजिन बंद व थंड असावे आणि किल्ली काढलेली असावी. काही मोटारींचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद केल्यावरही फिरू लागतो, म्हणून त्याच्याजवळ हात नेऊ नका. बॉनेट टेकूवर उभे करा. आता एक पेचकस घ्या. (उर्दूतला हा पेचकस म्हणजे मराठी बोलण्यातला स्क्रू ड्रायव्हर.) त्याची दांडी खटक्याच्या खाचेत ठेवून खाली दाबा. ‘खट्’ असा आवाज होऊन खटका मिटला पाहिजे. लिव्हर ओढल्यावर तो पुन्हा उघडला पाहिजे.

खटका मिटत नसेल, तर दोष त्याच्यातच आहे. रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने माती व जुने ग्रीस काढा, कोरडे पुसा आणि नवे ग्रीस लावा. पेट्रोल मुळीच वापरू नका. खटका मिटला पण लिव्हर ओढून उघडत नसेल, तर तार अडकली किंवा तुटली असेल. ते काम गॅरेजवाल्याचे.

खटका दोन्ही वेळा नीट चालला, तरीही बॉनेट लागत नाही? मग बॉनेटचा आकडा खाचेत मधोमध उतरत नसावा. किरकोळ टक्कर झाली तरी असे होते. खटक्याचे बोल्ट ढिले करण्यापूर्वी त्याच्याभोवती खडूची रेघ मारून घ्यावी, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. खटका अगदी थोडाच सरकवावा. कोपऱ्यांवरचे रबरी टेकेही पाहावेत. ते फार वर आले असतील तर झाकण पुरेसे खाली बसत नाही.

शेवटी लिव्हर ओढून खटका उघडा असल्याची खात्री करा. मिटलेल्या खटक्यावर बॉनेट आपटले तर आकडा वाकतो. टेकू जागेवर ठेवून बॉनेट वीत-दीड वीत उंचीवरून सोडा. कडेला हात लावून वर उचलून पाहा. ते हलता कामा नये. नंतर पुन्हा लिव्हर ओढा. बॉनेट बोटभर वर येऊन तेथेच थांबले, तर दुसरा आकडाही शाबूत आहे. थांबले नाही, तर पहिला खटका कितीही घट्ट लागत असला तरी ती मोटार महामार्गावर नेऊ देऊ नका.