नवी खिडकी कोणत्या पडद्यावर?

सिल्वासा असो वा अन्य गाव, आधार नोंदणीच्या संगणकास दोन पडदे असतात : एक चालकासमोर, दुसरा नागरिकासमोर. आपले नाव, जन्मतारीख व पत्ता बिनचूक नोंदला गेल्याची खात्री नागरिकाने स्वतः करावी, हा दुसऱ्या पडद्याचा हेतू होय. परंतु नवी खिडकी, म्हणजे ‘विंडो’, संगणक बहुधा मागील जागी किंवा मुख्य ठरविलेल्या पडद्यावर उघडतो. समोर कोण बसले आहे, हे त्यास कळत नाही. परिणामी एकाची कागदपत्रे दुसऱ्यास दिसण्याचा संभव असतो. म्हणून चालकाने आपलाच पडदा मुख्य ठरवावा. विंडोज प्रणालीत विंडोज व शिफ्ट या कळा धरून डावा वा उजवा बाण दाबल्यास खिडकी दुसऱ्या पडद्यावर जाते. नागरिकांनीही तपशील वाचल्याखेरीज संमती देऊ नये.