आडनाव काय सांगते?

आडनाव म्हणजे घराण्याचा पुरावा, असे आपण सहज धरून चालतो. हा पुरावा कितपत खरा? इंग्लंडातील ‘ॲटनबरो’ या विरळ आडनावावरून ते पाहू. १९८२ साली ‘गांधी’ चित्रपट काढणाऱ्या रिचर्ड ॲटनबरोंमुळे ते आपल्या परिचयाचे आहे.

नॉटिंगहॅमशायर परगण्यात ट्रेंट नदीकाठी या नावाचे गाव आहे. ‘अड्डा’ हे जुने पुरुषनाम, ‘बुर्ह’ म्हणजे तटबंदीची जागा. थोडक्यात, अड्डाची गढी. गावातल्या माणसाला गावाच्या नावाने कोण हाक मारील? गाव सोडून गेला, तोच परमुलखात त्या नावाने ओळखला गेला. आपले पुणेकर, सातारकर असेच झाले. १०६६ नंतरच्या तीनचारशे वर्षांत इंग्लंडात अशी नावे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली.

बापाकडून मुलाकडेच जाणारी आणखी एक वस्तू आहे : वाय गुणसूत्र. लेस्टर विद्यापीठातील ट्युरी किंग व मार्क जॉबलिंग यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४० आडनावे तपासली. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी, म्हणून मूळपुरुषही अनेक. ॲटनबरोंपैकी मात्र ७० टक्क्यांहून अधिकांचे गुणसूत्र जवळजवळ एकसारखे निघाले. म्हणजे त्यांचा मूळपुरुष बहुधा एकच.

मग उरलेले खोटे का? मुळीच नव्हे. कोणाच्या वंशात दत्तक मूल असेल, कोणी आईचे आडनाव लावले असेल. गुणसूत्र जन्म सांगते. कोणी कोणाला आपले म्हटले, हे आडनाव सांगते.