पिल्लाची आई कुठे आहे?

अंधेरी-घाटकोपरकडच्या मुलांच्या मोबाईलवर हल्ली विकाऊ कुत्र्यांच्या पिल्लांचे फोटो फिरतात. त्या पिल्लांची आई कुठे आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. अनेकदा ती अंधाऱ्या पिंजऱ्यात असते. एक वेत संपले की पुन्हा गाभण.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी किमान १८ महिन्यांची हवी, १२ महिन्यांत एकच वेत, आयुष्यात फार तर ५. पिल्लू ८ आठवड्यांचे होण्याआधी विकायला मनाई आहे.

‘आपण घरात कुत्रा पाळत नाही, मग आपला काय संबंध?’ असे काही भगिनी विचारतील. तहानलेल्या कुत्र्याला चामडी मोज्यातून पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपणच मुलांना शिकवतो. त्या माणसाने तो कुत्रा घरी नेला नव्हता. त्याची तहान ओळखली होती.

म्हणून राखणीला कुत्रा हवाच असेल, तर नोंदणी विचारू या किंवा सोडवलेला, निराधार कुत्रा घेऊ या. जखमी जनावरावर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात उपचार होतात. आणि मुलांच्या हातून गल्लीत पाण्याचे एक भांडे ठेवू या.