छावणी शिरूरला, खर्च पेशव्यांचा

पुण्याहून नगरकडे जाताना कोरेगाव भीमा ओलांडले की शिक्रापूरच्या अलीकडे सणसवाडी लागते. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की हा रस्ता कामगारांच्या बस आणि कंटेनरनी गच्च भरतो. 1 जानेवारीला मात्र इथली गर्दी वेगळी असते. भीमेपलीकडच्या पेरणे हद्दीतल्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला त्या दिवशी लाखो लोक येतात. पेशवे आणि इंग्रज यांच्यातली 1 जानेवारी 1818 ची लढाई, तिच्यातले महार सैनिकांचे शौर्य, 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्तंभाला दिलेली भेट, या सगळ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणाकडे किती फौज होती आणि जिंकले कोण, यावर वादही झडतात. एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. ही लढाई लढणारी कॅप्टन स्टाँटनची पलटण 31 डिसेंबर 1817 च्या रात्री शिरूरहून निघाली होती. पेशव्यांच्या मुलखात, खुद्द पुण्यापासून दोन-तीन मजलांवर, इंग्रजांची पलटण मुळात आली कशी?

ती लढून आलेली नव्हती. पेशव्यांनीच तिला सही-शिक्क्यानिशी बोलावले होते, आणि तोही दिवस 31 डिसेंबरच होता. फक्त साल होते 1802.

वसईला काय लिहून दिले?

1802 चे पुणे भाऊबंदकीने पोखरलेले होते. दुसऱ्या बाजीरावाने आदल्या वर्षी विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी दिले होते. विठोजीचा भाऊ यशवंतराव फौज घेऊन चालून आला आणि 25 ऑक्टोबर 1802 रोजी हडपसरजवळ त्याने पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोचला. गादी परत हवी होती आणि ती मिळवून द्यायला ईस्ट इंडिया कंपनी तयार होती. अट एकच होती. तैनाती फौज कायमची ठेवून घ्यायची.

तहाची कलमे आज वाचली तरी अंगावर काटा येतो. कंपनीच्या पायदळाच्या सहा पलटणी, म्हणजे किमान 6,000 शिपाई, तोफखान्यासह पेशव्यांच्या राज्यात राहणार. त्यांच्या खर्चासाठी पेशवे वर्षाला 26 लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला तोडून देणार. रोख तनखा एखाद्या वर्षी थकला असता, पण मुलूखच लिहून दिल्यावर थकबाकीचा प्रश्न उरला नाही. इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय देशाचा माणूस पेशव्यांनी चाकरीला ठेवायचा नाही. निजामाशी आणि गायकवाडांशी वाद असेल तर कंपनीची मध्यस्थी मानायची. दुसऱ्या दरबाराशी बोलणी करायची तर आधी कंपनीला विचारायचे. सुरतेवरचा हक्कही सोडायचा.

पुढच्या मे महिन्यात, 13 मे 1803 रोजी, बाजीराव पुन्हा पुण्याच्या मसनदीवर बसला. त्याला बसवायला कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली आधीच पुण्यात येऊन थांबला होता. शिंदे आणि नागपूरकर भोसले या तहात सामीलही नव्हते, पण तह त्यांच्याही गळ्याशी आला. त्याच वर्षी नगरचा किल्ला पडला, भोकरदनजवळ असईची लढाई झाली आणि डिसेंबरात देवगाव व सुर्जी अंजनगावचे तह होऊन दोघांचेही मोठमोठे प्रांत गेले.

तैनाती फौजेने पुढे घोडनदीकाठी शिरूरला छावणी केली. जागा हेरून निवडलेली होती. पुणे आणि नगर यांना जोडणाऱ्या वाटेवरून दोन्हीकडे झेप घेता येत होती, निजामाची हद्दही टप्प्यात होती. फौज पेशव्यांच्या रक्षणाची, खर्च पेशव्यांच्या मुलखाचा आणि हुकूम कंपनीचा. गव्हर्नर-जनरल लॉर्ड वेलस्लीच्या या धोरणाची सगळी युक्ती या तीन गोष्टींत सामावली आहे. कंपनीला दक्षिणेत मोठी फौज पोसायची होती. तिने ती शेजाऱ्याच्या पैशाने पोसली, आणि त्याच फौजेमुळे शेजाऱ्याला आपली स्वतःची फौज वाढवण्याची गरजही वाटेनाशी झाली.

आधी वकील, मग हमीदार

उगवती सत्ता शेजारी पाऊल टाकते तेव्हा पहिले पाऊल सहसा सैनिकाचे नसते. पुण्यात ते चार्ल्स मॅलेटचे होते. 1786 मध्ये तो कंपनीचा रेसिडेंट म्हणून आला आणि मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला उभा राहिला. नाना फडणवीसांच्या काळात रेसिडेंट हा परक्या दरबारचा एक वकील होता. त्याचे ऐकायचे की नाही, हे नाना ठरवत. बातमी काढणे, माणसे जोडणे आणि कोण कोणावर नाराज आहे याची नोंद ठेवणे, हे काम मात्र तेव्हापासून अखंड चालले. वसईनंतर हीच माहिती हत्यार बनली.

मग कंपनी हमीदार झाली. 1812 मध्ये पंढरपूरला तेव्हाचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशवे आणि पटवर्धनांसारखे दक्षिणेतले जहागीरदार यांच्यात तडजोड घडवली. जहागीरदारांनी पेशव्यांची चाकरी करावी, त्या बदल्यात त्यांच्या जहागिरी शाबूत राहतील आणि हमी कंपनीची. वरवर पाहता भांडण मिटले. प्रत्यक्षात धनी आणि त्याचा सरदार यांच्यामध्ये तिसरा माणूस बसला, आणि सरदाराची नजर शनिवारवाड्याऐवजी संगमाकडे वळली.

पुढची हमी रक्ताने माखली. गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हिशेबाच्या वाटाघाटींसाठी पुण्यात आला तो कंपनीच्या अभयावर. जुलै 1815 मध्ये पंढरपुरात त्याचा खून झाला. संशय बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. आपल्या हमीतल्या माणसाचा खून म्हणून एल्फिन्स्टनने त्रिंबकजीला मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. 1816 मध्ये तो निसटला, तेव्हा त्याचाही जाब बाजीरावालाच विचारला गेला. 13 जून 1817 च्या पुण्याच्या तहात पेशव्यांनी मराठा सरदारांवरचे प्रमुखपण सोडले, परदरबारात वकील ठेवण्याचा हक्क सोडला आणि आणखी 34 लाख उत्पन्नाचा मुलूख दिला. या तहासाठी मोठी लढाई करावी लागली नाही, कारण शिरूरची फौज हाकेच्या अंतरावर होती.

बाजीरावाने स्वतःची कवायती पलटण उभारली नव्हती असे नाही. पण तिचे अधिकारी इंग्रज होते. मेजर फोर्डच्या हाताखालची ही ब्रिगेड दापोडीला असे आणि तिचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून होई. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीच्या लढाईला तोंड फुटले, तेव्हा ती दापोडीहून निघाली आणि कंपनीच्या फौजेला जाऊन मिळाली.

माणसे कुणाकडे वळतात?

केवळ तहांच्या कलमांनी प्रभाव बसत नाही. कोरेगावला शिरूरहून आलेल्या सुमारे 500 पायदळ शिपायांत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पेशवाईने ज्यांना गावाबाहेर आणि माणुसकीबाहेर ठेवले, त्यांच्या हाती कंपनीने बंदूक, पगार आणि पलटणीतली जागा दिली. कंपनीने हे भूतदयेपोटी केले नाही. तिला चांगले शिपाई हवे होते. पण ज्या राज्याने आपल्याच रयतेचा एवढा मोठा भाग तोडून टाकला, त्याने परक्यासाठी दार सताड उघडे ठेवले होते, ही गोष्ट त्या स्तंभावरची नावे आजही सांगतात.

शिरूरमध्येच याची दुसरी खूण आहे. तिथल्या छावणीतला कर्नल विल्यम वॉलेस 1809 मध्ये वारला. त्याच्या कबरीला लोक 'सत्पुरुष' म्हणून भजू लागले आणि सुगीच्या नव्या धान्याचा नैवेद्य तिथे दाखवू लागले, अशी नोंद मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. जी छावणी पेशव्यांचे राज्य गिळणार होती, तिच्या अधिकाऱ्याला गावकरी आपल्या शेतातला पहिला घास देत होते.

कर्जाची वाट

फौजेच्या खर्चातून मुलूख कसा जातो, याचे दुसरे उदाहरण वऱ्हाडात आहे. निजामाने तैनाती फौज 1798 मध्येच स्वीकारली होती. शिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज त्याच्याच खर्चाने उभी राहिली. तिचा पगार थकत गेला, कंपनी तो उसना देत गेली आणि कर्जाचा डोंगर झाला. 1853 मध्ये या कर्जापोटी निजामाने वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात दिले. 1902 मध्ये लॉर्ड कर्झनने तो प्रदेश वर्षाला 25 लाख रुपये खंडाने कायमचा घेतला. अमरावती-अकोल्याचा कापूस पिकवणारा मुलूख अशा रीतीने एका फौजेच्या पगारापायी गेला.

श्रीलंकेचे हंबनटोटा बंदर चिनी कर्जातून बांधले गेले आणि 2017 मध्ये 99 वर्षांच्या भाडेकराराने चिनी कंपनीकडे गेले, तेव्हा जगभर 'कर्जाचा सापळा' हा शब्द गाजला. वऱ्हाडची आठवण ठेवणाऱ्याला त्यात नवे काही वाटायचे कारण नाही. मात्र दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत. श्रीलंकेवरचे कर्ज एकट्या चीनचे नव्हते, आंतरराष्ट्रीय रोख्यांचा बोजाही मोठा होता, आणि बंदराच्या दारात चिनी पलटण उभी नव्हती.

आपण शेजारी असतो तेव्हा

या कथेत मराठे केवळ बळी नव्हते. अठराव्या शतकात उगवती सत्ता तेच होते. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. 1728 मध्ये पालखेडला कोंडीत सापडलेल्या निजामाने मुंगी-शेवगावच्या तहात तो हक्क मान्य केला. 1751 मध्ये बंगालच्या अलिवर्दीखानाने नागपूरकर भोसल्यांना वर्षाला 12 लाख चौथाई कबूल केली. संरक्षणाच्या नावाखाली शेजाऱ्याच्या महसुलात वाटा घेण्याची ही रीत वेलस्लीच्या कितीतरी आधीची होती.

तिची किंमतही मोजावी लागली. जयपूरच्या गादीच्या वादात मराठ्यांनी पैशासाठी एकदा ईश्वरीसिंहाची, तर एकदा माधोसिंहाची बाजू घेतली. खंडणीच्या तगाद्याने घेरलेल्या ईश्वरीसिंहाने 1750 च्या डिसेंबरात आत्महत्या केली. पाठोपाठ जानेवारी 1751 मध्ये जयपूर शहरात मराठ्यांची कत्तल झाली. दहा वर्षांनी पानिपतावर सदाशिवरावभाऊंना रसद आणि मित्र हवे होते, तेव्हा राजपूत राजे बाजूला राहिले.

आजचा भारत पुन्हा उगवत्या सत्तेच्या बाजूला उभा आहे. 2022 च्या संकटात श्रीलंकेला भारताने सुमारे 4 अब्ज डॉलरची मदत केली आणि तिचे चीज झाले. मालदीवमध्ये मात्र दोन हेलिकॉप्टर आणि एक डॉर्निअर विमान सांभाळणारे, शंभरीही न गाठणारे भारतीय सैनिक निवडणुकीचा मुद्दा बनले. मे 2024 पर्यंत ते परत आले आणि त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले. विमाने तीच, कामही तेच. पण परका गणवेश आपल्या भूमीवर किती बोचतो, हे शिरूर तालुक्याने तैनाती फौजेच्या रूपाने पाहिले आहे.

आणि आपण दुसऱ्या बाजूलाही आहोत. सणसवाडीहून नगरच्या दिशेने गेले की रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत हायर या चिनी कंपनीचा कारखाना आहे. तिथे स्थानिक तरुण काम करतात. त्याच भारताने एप्रिल 2020 मध्ये नियम केला की जमिनीची सीमा भिडलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी लागेल. तळेगाव दाभाडेचा मोटार कारखाना घेऊ पाहणाऱ्या ग्रेट वॉल मोटर्सला ती मिळाली नाही आणि 2022 मध्ये तो व्यवहार बारगळला. रोजगाराचे नुकसान झाले असेल, पण एका प्रस्तावाला होकार आणि दुसऱ्याला नकार देण्याची मोकळीक दिल्लीकडे होती. बाजीरावाकडे 1802 नंतर ती उरली नव्हती.

शाळेत तैनाती फौज ही दोन मार्कांची व्याख्या असते. शिरूर-दौंडच्या मुलांनी तरी ती आपल्या तालुक्याची गोष्ट म्हणून वाचावी. शिक्षकांनी एकदा वर्गात वसईच्या तहाची कलमे वाचून दाखवावीत. आणि मालदीव, नेपाळ, श्रीलंका किंवा बांगलादेशातल्या नव्या कराराची बातमी येईल, तेव्हा वाचकांनी तीन गोष्टी तपासाव्यात: खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा आणि करारातून बाहेर पडायची मुभा कोणाला. करार दिल्लीने केलेला असला तरी तपास असाच कडक हवा.