पडद्यावरचा खेळ आणि गावचे मैदान

माद्रिद वा मँचेस्टर येथील सामना आज धामनोदच्या घरात बसून पाहता येतो. नर्मदेकाठचा मुलगा परदेशी खेळाडूचे नाव पाठीवर मिरवतो. यात वावगे काही नाही. उत्तम खेळ पाहिल्याने दृष्टी तयार होते. परंतु रविवारी आपल्याच आळीतील मुले मैदानावर खेळत असता त्यांना पाहावयास चार माणसेही नसतील, तर कुटुंबप्रमुखांनी विचार करावयास हवा.

या बाबतीत पोप फ्रान्सिस यांचे उदाहरण बोलके आहे. २०२५ साली देवाघरी गेलेले हे पोपमहाशय बालपणापासून ब्वेनोस आयरेस येथील सान लोरेन्सो संघाचे पाठीराखे. १९०८ साली हा संघ फादर लोरेन्सो मास्सा या सालेशियन धर्मगुरूंच्या आश्रयाने उभा राहिला. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना ट्रामगाडीचे भय. म्हणून फादरांनी त्यांना प्रार्थनामंदिराचे अंगण दिले आणि मिस्साला येण्याची अट घातली, असे सांगतात. १९४६ साली संघ अजिंक्य ठरला, तेव्हा नऊ वर्षांचे भावी पोप घरच्या मंडळींसह मैदानावर जात असत. पुढे १९९० साली, दूरचित्रवाणी पाहणार नाही, असा नवस त्यांनी कार्मेलच्या मातेला केला आणि तो पाळला. तरीही ते संघाचे सभासद राहिले, निकालांची चौकशी करीत राहिले. पडदा गेला तरी नाते टिकले. कारण ते पडद्यावर जुळलेलेच नव्हते.

याच संघाचे जुने मैदान १९७९ साली बंद पडले व पुढे त्या जागी मोठे दुकान उभे राहिले. पाठीराख्यांनी मोर्चे काढले, वर्गणी जमविली आणि २०१२ साली जागा परत मिळण्यासाठी कायदा करवून घेतला. ज्यांचे पाय त्या मातीला लागले होते, त्यांनाच तिची ओढ वाटली.

आता आपल्या गोमंतकाकडे पाहू. पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविणारा देंपो संघ, तसेच साळगावकर व स्पोर्टिंग, हे २०१६ साली राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. कारण दूरचित्रवाणी नव्हे, तर स्पर्धेच्या नव्या रचनेचा वाद. देंपो पुढे २०२४ साली परतला. असे निर्णय दूर कोठेतरी होतात. गावाच्या हाती एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपल्या संघाजवळ उभे राहणे.

कोल्हापूरकर हे जाणतात. तेथे पेठापेठांतील तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि पेठकरी गर्दी करतात. विश्वचषकाच्या दिवसांत त्याच शहरातील चौकांत परदेशी खेळाडूंची भव्य चित्रेही झळकतात. म्हणजे दोन्ही प्रेमे एकत्र नांदू शकतात. मात्र घरचे आधी.

तेव्हा, पालकहो, आठवड्यातून एक सायंकाळ मैदानाला द्या. चेंडूसाठी चार रुपये द्या, पाण्याची घागर न्या, पंचाला शिवीगाळ होऊ देऊ नका. हरलेल्या मुलाच्याही पाठीवर हात ठेवा. दूरदेशीच्या खेळाडूला आपली गैरहजेरी कधी कळणार नाही. गावच्या मुलाला मात्र ती पहिल्याच क्षणी कळते.