पाव मागायला निघालेल्या बायका

फ्रेंच राज्यक्रांती म्हटलं की आपल्याला आठवतो बास्तीलचा किल्ला आणि १४ जुलै. मला मात्र त्या सगळ्या हकिकतीत खरा थक्क करणारा दिवस वाटतो तो ५ ऑक्टोबर १७८९ चा. त्या दिवशी पॅरिसमधल्या मासळीवाल्या, भाजीवाल्या, धुणंभांडी करणाऱ्या अशा सहा-सात हजार बायका भर पावसात व्हर्सायला चालत निघाल्या. अंतर जवळजवळ वीस किलोमीटर. हातात काठ्या, भाले, सुऱ्या आणि सोबत ओढत नेलेल्या तोफा. मागणी होती पावाची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पॅरिसला परतल्या, तेव्हा त्यांच्यासोबत पिठाच्या गाड्या होत्या आणि खुद्द फ्रान्सचा राजा होता, राणी आणि मुलांसकट.

राजाला घरी घेऊन यायचं, हा विचारच मुळात सुचला कसा? युरोपातल्या सर्वांत वैभवशाली सिंहासनाबद्दल एखाद्या मासळीवालीला इतका हक्क का वाटावा?

याचं उत्तर क्रांतीच्या बरंच आधी सापडतं. फ्रान्समधल्या गरिबाच्या मनात राजा म्हणजे प्रजेचा पोशिंदा. धान्याच्या बाजारावर सरकारी अंमलदारांची नजर असे, साठेबाजाला दंड होई, पावाच्या भावावर नियंत्रण असे. १७७४ मध्ये नवा राजा सोळावा लुई गादीवर आला आणि त्याचा अर्थमंत्री त्युर्गो याने धान्याचा व्यापार खुला करून टाकला. त्यात पीक कमी आलं, भाव भडकले आणि १७७५ च्या एप्रिल-मेमध्ये पॅरिसच्या आसपासच्या मुलखात सुमारे तीनशे दंगे झाले. इतिहासात त्याला ‘पिठाचं युद्ध’ म्हणतात.

या दंग्यांमध्ये जमाव काय करत होता ते पाहण्यासारखं आहे. कित्येक ठिकाणी लोकांनी बेकरीवाल्याला किंवा धान्यवाल्याला घेरलं, माल ताब्यात घेतला आणि मग आपल्याला रास्त वाटेल त्या भावाने पैसे मोजून तो विकत घेतला. पावाला पौंडामागे दोन सू (सू म्हणजे तेव्हाचं फ्रेंच नाणं), असा त्यांनीच लावलेला भाव. म्हणजे राजाचे अंमलदार जे काम करायचे, ते त्यांनी सोडल्यावर लोकांनीच हाती घेतलं! सरकारने पंचवीस हजार सैनिक उतरवून हे मोडून काढलं आणि पॅरिसच्या ग्रेव्ह चौकात दोघांना फाशी दिलं. त्यानंतर महिन्याभरात रेंसच्या कथीड्रलमध्ये वीस वर्षांच्या लुईचा थाटात राज्याभिषेक झाला. लोक राजावर उलटले नव्हते. पण राजाचं कर्तव्य काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि ते तो पाळत नसेल तर पुढे काय करायचं तेही.

पुढची बारा-तेरा वर्षं वरवर शांततेची गेली. आतून खजिना पोखरला जात होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्सने इंग्लंडविरुद्ध पैसा ओतला तो कर्ज काढून. कर वाढवावा तर सरदार आणि धर्मसंस्था सवलती सोडायला तयार नाहीत, आणि वरिष्ठ न्यायालयं नव्या करांच्या हुकमांची नोंदच करून घेईनात. राजाने न्यायालयांना वेसण घालायचं ठरवताच ग्रनोबल शहर पेटलं. ७ जून १७८८ रोजी तिथल्या लोकांनी घरांवर चढून छपरांची कौलं उपसली आणि खाली गल्लीत उभ्या असलेल्या सैनिकांवर फेकली. ऑगस्टमध्ये खजिन्याने देणी थांबवली. राजाला धर्मगुरू, सरदार आणि सामान्य जन अशा तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींची महासभा बोलवावी लागली. ती शेवटची भरली होती १६१४ मध्ये.

आणि इथे राजाने स्वतःच एक विलक्षण गोष्ट केली. महासभेच्या तयारीसाठी त्याने प्रजेला सांगितलं, तुमची गाऱ्हाणी लिहून पाठवा. १७८९ च्या वसंतात गावोगाव लोक जमले आणि हजारो वह्या भरल्या. मिठावरचा कर, जमीनदाराच्या गिरणीवरच दळण्याची सक्ती, आणि कबुतरं! जमीनदाराच्या खुराड्यातली कबुतरं पेरलेलं बी टिपून खात आणि शेतकऱ्याला त्यांना मारायची परवानगी नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मुकाट्याने सोसलेली गोष्ट आता कागदावर आली, भर सभेत मोठ्याने वाचली गेली. शेजारच्या गावाचीही तीच तक्रार आहे हे कळलं. सिंहासनाला बसलेला सर्वांत खोल धक्का मला हाच वाटतो, आणि तो राजाच्या आमंत्रणानेच बसला. ज्याला तोंड उघडायला सांगितलं त्याला पुन्हा गप्प कसं बसवणार?

त्याच महिन्यांत पोटही जळत होतं. १३ जुलै १७८८ च्या भयंकर गारपिटीने पॅरिसभोवतालची उभी पिकं झोडपली होती आणि पाठोपाठ सेन नदी गोठवणारा हिवाळा आला होता. चार पौंडांचा पाव एरवी आठ-नऊ सूला मिळे, तो फेब्रुवारी १७८९ मध्ये साडेचौदा सूवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस ते तीस सू, आणि चौघांच्या घराला असे एक-दोन पाव रोज लागत. पुढचा हिशेब वाचकाने स्वतः करावा.

तरीही राजाकडे फौज होती. एप्रिलच्या अखेरीस पॅरिसच्या सेंत-आंत्वान वस्तीत मजुरांचा दंगा उसळला, तेव्हा ‘फ्रेंच गार्ड’ पलटणीने गोळ्या घातल्या आणि अनेक माणसं मेली. अडीच महिन्यांनी याच पलटणीतल्या सैनिकांनी तोफा आणून बास्तीलच्या दरवाजासमोर उभ्या केल्या. मधल्या काळात काय बदललं? हे सैनिक पॅरिसच्याच वस्त्यांत राहायचे, फावल्या वेळात तिथेच काम करायचे, तोच महाग पाव खायचे. जूनमध्ये त्यांच्यातल्या काहींनी हुकूम मानायचं नाकारलं. त्यांना कैदेत टाकलं, तर जमावाने तुरुंग फोडून त्यांना सोडवलं. बास्तीलमध्ये १४ जुलैला कैदी होते अवघे सात. लोकांना हवी होती आतली बंदुकीची दारू. पॅरिसभोवती राजाने हजारो सैनिक जमवले होते, पण ते लोकांवर गोळी झाडतील याची खात्री सेनापतींनाच राहिली नव्हती. तो डाव राजा तिथेच हरला.

ऑगस्टमध्ये, महासभेतूनच उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क रद्द केले, मानवी हक्कांचा जाहीरनामा काढला. राजा मात्र मंजुरी देईना. बेकऱ्यांसमोर पहाटेपासून रांगा होत्याच. त्यातच व्हर्सायच्या एका मेजवानीत सैन्याच्या अधिकाऱ्यांनी क्रांतीचं तिरंगी फूल पायदळी तुडवल्याची बातमी पॅरिसमध्ये पसरली, आणि बायका निघाल्या.

व्हर्सायला पोहोचल्यावर त्या चिखलाने माखलेल्या अंगाने थेट सभागृहात शिरल्या आणि प्रतिनिधींच्या बाकांवर जाऊन बसल्या. राजा शिकारीला गेला होता, त्याला बोलावून आणलं. बायकांचं छोटं शिष्टमंडळ आत गेलं, आणि त्यांच्या वतीने बोलणारी सतरा वर्षांची लुइझों शाब्री राजासमोर चक्क मूर्च्छित पडली. राजाने तिला धीर दिला, धान्य पाठवायचं कबूल केलं. ती आनंदाने बाहेर आली, तर बाकीच्या बायका खवळल्या: नुसत्या शब्दाला भुललीस? पैसे घेतलेस का? अखेर राजाकडून लेखी हुकूम आणावा लागला. कालपर्यंत ज्याचा शब्द हाच कायदा होता, त्याच्याकडे मासळीवाल्या लेखी मागत होत्या! त्याच रात्री राजाने जाहीरनाम्यालाही मंजुरी दिली.

पहाटे जमाव राजवाड्यात घुसला, काही पहारेकरी मारले गेले, राणी आतल्या वाटेने राजाच्या दालनाकडे धावली. सज्जात उभ्या राजाला खालून एकच आरोळी ऐकू येत होती, पॅरिसला चला. परतताना बायका म्हणत होत्या की आम्ही बेकरीवाल्याला, त्याच्या बायकोला आणि पोऱ्याला घेऊन आलो आहोत. त्यांच्या लेखी राजाला पदच्युत केलेलं नव्हतं, पोशिंद्याला त्याच्या कामावर परत आणलेलं होतं.

पण राजेशाहीचा निम्मा दबदबा अंतरातच होता, आणि ते अंतर संपलं. १६८२ पासून व्हर्साय हे सत्तेचं केंद्र होतं. आता राजाचा मुक्काम पॅरिसच्या मधोमध त्विलरी राजवाड्यात होता, कोणत्याही वस्तीतून तास-दीड तासात चालत पोहोचता येईल असा. जून १७९१ मध्ये त्याने तिथून पळून जायचा प्रयत्न केला आणि वारेन गावात पकडला गेला. पोशिंदाच घर सोडून पळाला म्हटल्यावर उरलासुरला विश्वासही गेला. २० जून १७९२ रोजी जमाव त्याच्या दालनात शिरला आणि त्याला क्रांतीची लाल टोपी घालायला लावली. १० ऑगस्टच्या सकाळी त्याने रक्षणासाठी उभ्या असलेल्या राष्ट्रीय गार्ड या नागरी दलाची पाहणी केली, तेव्हा त्या रांगांतूनच त्याच्याविरुद्ध घोषणा उठल्या. लुई बाग ओलांडून सभेच्या आश्रयाला गेला. राजवाड्यावर हल्ला झाला आणि मागे राहिलेल्या राजाच्या स्विस सैनिकांपैकी सुमारे सहाशे मारले गेले. २१ सप्टेंबरला राजेशाही रद्द झाल्याचा ठराव झाला, तेव्हा रद्द करण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं.